मंगळवार-शुक्रवारचा धूर

मी बोलतोय खरा, पण या घरात ते कुणाला ऐकू जात नाही. माझ्या तोंडाला पाडलेलं भोक सिगारेटीच्या मापाचं आहे, शब्दांच्या नव्हे. मी एकेको, घरच्या बरकतीचा देव. वीतभर उंचीचा प्लास्टरचा माणूस. गुबगुबीत गाल, झुपकेदार मिशा, पसरलेले हात आणि अंगावर लटकवलेला हा सगळा पसारा: पिठाची पोती, तेलाचे डबे, एक घर, एक मिनीबस, सगळं बोटाएवढं. ज्याला जे हवं, त्यानं त्याचं पिटुकलं रूप जानेवारीच्या जत्रेत घ्यायचं, भर दुपारी त्यावर धूप फिरवून घ्यायचा आणि माझ्या गळ्यात अडकवायचं. मी ते खरं करून देतो. बदल्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक पेटती सिगारेट. चुकवलीत तर मी रुसतो म्हणे. माझा रुसवा मी स्वतः कधी पाहिलेला नाही, पण आमचं अख्खं एल आल्तो शहर त्याला टरकून असतं.

ज्यानं मला साच्यातून काढलं, त्यानं पोट मुद्दाम पोकळ ठेवलं. "धुराला राहायला जागा नको का?" असं म्हणून तो हसला होता. तेव्हा मलाही गंमत वाटली होती.

बासिलियानं मला घरी आणलं आणि शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर बसवलं. तिचा नवरा आन्सेल्मो मिनीबस चालवायचा. दिवसभर बसून, खिडकीतून धूर सोडत. पोट असं सुटलेलं की स्टिअरिंग त्यात रुतायचं. बासिलियाला त्याचं कोण कौतुक! "म्हातारा कसा भरलाय बघा माझा," ती शेजारणींना सांगायची. "नवरा वाळला की लोक म्हणतात, बायको उपाशी ठेवते." आणि त्याच्या ताटात आणखी बटाटे, आणखी तळलेलं डुक्कर.

माझी सिगारेट तोच पेटवायचा. पेटवायची तर आधी ओढावी लागते. पहिला झुरका त्याचा, उरलेली माझी. उष्टी असायची, पण मी कधी तक्रार केली नाही.

पुढे त्याला घरचा जिना चढवेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून साफ सांगितलं: सिगारेट बंद, रोज चालायचं, नाहीतर पुढची जत्रा बघणार नाहीस.

घरी येऊन आन्सेल्मोनं पहिलं काय केलं असेल, तर माझ्याकडे बघितलं. "माझी बंद केली. पण ह्याची कशी बंद करणार?" आणि काय सांगू, तेव्हापासून घरात रोजच मंगळवार उजाडायला लागला. "एकेको मागतोय गं. बघ, कसं तोंड वासलंय त्यानं!" असं म्हणायचा आणि घसघशीत झुरका मारायचा.

"त्याचं तोंड साच्यातूनच तसं आलंय, पपा," नेलिदा म्हणाली. ही त्यांची मुलगी, शाळेत व्यायाम शिकवते. गळ्यात कायम शिट्टी. "तुम्ही तुमचं मिटा आणि बूट घाला."

"मी पळायला लागलो तर लोक विचारतील, काय चोरलंस म्हणून!"

बासिलिया हसली नाही. त्या जानेवारीत तिनं जत्रेतून बोटाच्या पेराएवढे पांढरे बूट आणले, पळायचे. माझ्या गळ्यात अडकवले आणि हात जोडून म्हणाली, "त्याला चालव. त्याची छाती साफ कर. काय हवं ते माझ्याकडून घे. आजपासून तुझी सिगारेट मी पेटवणार."

जन्मात तंबाखूला न शिवलेली बाई. पहिल्याच झुरक्याला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं सिगारेट माझ्या तोंडात ठेवली, आणि ती सरसर जळत गेली. राख पडली नाही. धूर आत गेला तो गेलाच, बाहेर आला नाही.

"खिडकी उघडी असेल," नेलिदा म्हणाली. खिडकी बंद होती.

दुसऱ्याच सकाळी आन्सेल्मो कुणी न सांगता उठला आणि बूट घालून बाहेर पडला. गल्लीत नुसता दंगा. "काय रे, गाडी विकलीस?" "बायकोनं हाकलला वाटतं!" तो आधी चालायला लागला, मग पळायला. पोट उतरलं. जिना धडाधडा चढायला लागला. डॉक्टरांनी त्याची पाठ थोपटली. नेलिदाला वाटलं, व्यायामाची कमाल. बासिलियाला वाटलं, माझी.

आणि एका मंगळवारी माझ्या पोटात कुणीतरी खोकलं.

बारीक, कोरडा, बाईमाणसाचा खोकला. मी खाली बघितलं. बासिलिया ओठांत दोरा धरून गप्प शिवत होती. शुक्रवारी तोच खोकला तिच्या तोंडून आला, हुबेहूब तोच. पुढे तसंच होत राहिलं. आधी माझ्या पोटात, मग तिच्या छातीत. माझ्या पोटातली ढास ओली वाजली तेव्हा मी घाबरलो. आता हिचं काय होणार, ते मला आधीच ऐकू आलं होतं.

"आई, डॉक्टरकडे चल," नेलिदा तिच्या मागे लागली.

"मला काय धाड भरलीय? मी कुठं ओढते? मी तर ह्याची पेटवते!" बासिलिया काडी ओढत म्हणाली. मग माझ्याजवळ तोंड आणून हळूच पुटपुटली, "कसा तरणा झालाय बघ म्हातारा. तुझे उपकार रे बाबा."

नको पेटवूस, बये, असं मला ओरडायचं होतं. तोंडात सिगारेट होती.

पुढची जत्रा तिनं बघितली नाही. मयताला आलेल्यांना इथल्या रीतीप्रमाणे सिगारेटी वाटल्या गेल्या. आन्सेल्मोनं घेतली नाही. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.

नंतरच्या मंगळवारी रीत चुकायला नको म्हणून त्यानं माझ्यापुरती एक पेटवली. धूर पोटात उतरला आणि आतून ती खोकली. आन्सेल्मो जागच्या जागी थिजला. मग त्यानं माझ्या पोटाला कान लावला. "बासिलिया?"

ती पुन्हा खोकली. सिगारेट संपली तसा आवाज थांबला. त्यानं लगेच दुसरी पेटवली.

घरात पुन्हा रोज मंगळवार. नेलिदानं एका दुपारी त्याच्या हातातून सिगारेट हिसकावून घेतली. "पपा! आईनं ह्यासाठी केलं का सगळं?"

"ती आत आहे, पोरी. कान लाव."

लावला तिनं कान. असल्या गोष्टींवर फुटक्या कवडीचा विश्वास नसलेली मुलगी, पण तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मी बघितला. बापाचे डोळे वाहत होते. तिनं शिट्टीचा दोरा बोटाला करकचून गुंडाळला. मग म्हणाली, "तुम्ही ओढायची नाही. तुम्हाला तिला ऐकायचंय ना? तुम्ही नुसतं ऐका. पेटवीन मी."

तेव्हापासून तीच पेटवते. आन्सेल्मो सकाळी पळून येतो, अंघोळ करतो आणि माझ्या पोटाला कान लावून बसतो.

तुम्ही जे कोणी हे ऐकत असाल, तुमच्यापाशी एकच मागणं आहे. या गल्लीत कधी आलात, तर मूठभर ओलं प्लास्टर घेऊन या आणि अंगठ्यानं दाबून माझं तोंड बुजवून टाका. माझ्या रुसव्याला भिऊ नका. फक्त लवकर या. आज शुक्रवार आहे, आणि सकाळपासून माझ्या पोटात कुणीतरी खोकतंय. बारीक, कोरडं. तो खोकला बासिलियाचा नाही. प्रत्येक ढासेच्या शेवटी त्यात एक बारीक शिट्टी वाजते.