मागे घेतलेला हात

पाकिटांच्या कारखान्यात सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ते लांबलचक टेबल. त्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसत आणि कागद या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत जाई. टोकाच्या बायकांनी घडी घालायची, पुढच्या प्रत्येकीने एकेका कडेला खळ लावून ती दाबायची, लाकडी पट्टीने वर एकदा 'टक्' करायचं आणि पाकीट पुढे ढकलायचं. सगळं काम त्या आवाजावर चाले. शेजारणीची पट्टी वाजली की आपला हात उचलायचा, मान वर करायचीसुद्धा गरज नाही. नव्या बाईला सुरुवातीला जमत नसे. मग एक दिवस तिचे हात आपोआप त्या टकटकीत मिसळून जात आणि तोंड गप्पांना मोकळं होई. गप्पांचा तिथे कधीच दुष्काळ नव्हता.

वहिनी टेबलाच्या मधोमध बसायची. तिला सगळा कारखाना वहिनी म्हणे, कारण तिच्या नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊ मागच्या खोलीत खळ शिजवायचा. पीठ, पाणी आणि चिमूटभर तुरटी, एवढाच तो कारभार. पण भाऊ त्या पातेल्यापाशी असा उभा राही की कुणाला वाटावं, आत्ता पाहुणे जेवायला बसणार आहेत. एक गुठळी राहिली तरी त्याला चैन पडत नसे. घरीही संध्याकाळचा स्वयंपाक तोच करी. ही दिवसभर बसून आंबून जाते, मी तर उभाच असतो, मग अजून थोडा वेळ उभं राहिलं तर काय बिघडलं, असा त्याचा हिशेब. लोक त्याला बायकोचा बैल म्हणून चिडवत आणि भाऊ हसून घेई.

वहिनीच्या उजव्या हाताला बसायची ती रेडिओ. आईबापांनी तिचं नाव काय ठेवलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं. बाई मनाने वाईट नव्हती, पण ऐकलेली बातमी पोटात ठेवली तर तिला अपचन होई. त्या दिवशी तिने आणलेली बातमी अशी होती की गावाच्या पलीकडच्या टोकाला, चपलांच्या कारखान्यात, बायका कामावरच कोसळल्या. कसला तरी वास आला, बोटांना मुंग्या आल्या आणि धडाधड पडल्या म्हणे. कुणी पाहिलं, असं एकीने विचारलं. रेडिओच्या जावेच्या शेजारणीने पाहिलं होतं.

बाहेर वारा सुटला होता. कागद उडतात म्हणून खिडक्या सकाळपासून बंद होत्या आणि आत कोंदट झालं होतं. टेबलाच्या टोकाला एक बारकीशी नवी मुलगी बसत असे. ती सकाळी काहीही न खाताच आली होती. मान खाली घालून घडी घालता घालता ती तशीच कलली आणि खुर्चीसकट खाली गेली.

बायका धावल्या. कुणी पाणी आणलं, कुणी तोंडावर वारा घातला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "आंबट वास येतोय ना?" आता खळीला रोजच थोडा आंबट वास येतो. पण तो वास आहे हे त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांच्या लक्षात आलं. दुसरी बाई म्हणाली, माझ्या बोटांना मुंग्या येतायत. मग तिसरी. ज्या वाटेने रोज पाकीट सरकत यायचं, त्याच वाटेने ते दुखणं एकीकडून दुसरीकडे सरकत आलं. काहीतरीच, असं वहिनी मनात म्हणाली. माझ्या माणसाच्या हातची खळ, मी काय आज ओळखते? पण रेडिओ छाती धरून खाली बसली आणि वहिनीच्या बोटांच्या टोकांशी काहीतरी वळवळलं. ते मनगटापर्यंत चढलं. छातीत धडधडायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि वहिनीही पडली.

शुद्धीवर आली तेव्हा भाऊ तिच्यावर वाकला होता. हाताला खळ तशीच, कपाळावर घाम, आणि तिला उचलायला त्याने हात पुढे केला होता. वहिनीने आपला हात झटकन मागे घेतला.

तिने ठरवून घेतला नव्हता. तापल्या भांड्यावरून हात निघतो, तसा तो निघाला. पण घेतला तो सगळ्यांसमोर. भाऊ तसाच वाकलेला राहिला, मग हळूच सरळ झाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत एकच वाक्य फिरत होतं. बायकोलाच त्याच्या हाताची भीती वाटली, मग आणखी काय बघायचं राहिलं?

डॉक्टरीणबाई आल्या, सगळ्यांना तपासून गेल्या, खळही तपासायला घेऊन गेल्या. दोन दिवसांनी येऊन त्यांनी सांगितलं की खळीत पीठ, पाणी आणि तुरटी आहे, बाकी काही नाही. कुणी नाटक करत नव्हतं, धडधड खरी होती, मुंग्याही खऱ्या होत्या, पण त्या भीतीने आल्या होत्या. एक घाबरलं की दुसऱ्याच्या अंगात भीती शिरते आणि अंगाला ती खरीच वाटते, असं त्या समजावून सांगत होत्या. बायकांनी मान डोलावली आणि त्या गेल्यावर एकमेकींना म्हणाल्या, म्हणजे आम्ही खोटारड्या का? भाऊने तर सगळ्यांदेखत बोटभर खळ चाटून दाखवली. त्यावर रेडिओचं म्हणणं, त्याला सवय झाली असेल.

मालक बिचारा कात्रीत सापडला. त्याने बाहेरून तयार डिंकाचं पिंप मागवलं आणि भाऊला म्हणाला, थोडे दिवस घरी आराम करा. पिंप आलं, खिडक्या उघडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या बायका ठणठणीत. वहिनीलाही भूक लागली, झोप लागली. त्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. तिचं मन नवऱ्याच्या बाजूने होतं आणि तिचं अंग त्याच्याविरुद्ध साक्ष देत होतं.

घरी भाऊने स्वयंपाक सोडला. ती आली की तो म्हणे, आज तूच कर, मला कंटाळा आलाय. मग तो पाण्याचा पेलाही तिला हातात देईनासा झाला, टेबलावर ठेवून बाजूला होई. दिवसातून कितीदा तरी हात धुवायचा, साबण लावून, नखं घासून, शेवटी कातडी सोलवटली. त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली, तेव्हा घे ना बाबा, म्हणाली. भाऊ खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून बाळाशी बोबडं बोलत राहिला. हात पाठीमागे. नातवासाठी जीव टाकणारा माणूस, आणि नातवाला लांबून बघत होता.

त्याचं जेवणही तुटलं. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. वहिनीने एकदा धीर करून विचारलं, अहो, तुम्हाला काय होतंय?

"इतक्या जणी खोटं कशाला बोलतील?" तो म्हणाला. "माझ्या हातातच काहीतरी असेल. मला कळत नसेल."

बायकांची भीती एका दिवसात निघून गेली होती आणि ती सगळीच्या सगळी या एका माणसाच्या अंगात येऊन बसली होती. तो असाच राहिला तर वर्ष काढणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मी त्या दिवशी हात मागे घेतला नसता तर, असं ती स्वतःला म्हणे आणि रडे. भाऊपुढे मात्र तिने तो विषय काढला नाही. धीर झाला नाही तिला.

मग एक दिवस मालकाच्या तोंडून सत्य निसटलं. डिंक फार दाट निघाला होता आणि भाऊची शिजवलेली खळ फेकायला मालकाच्या जिवावर आलं होतं. म्हणून पहिल्या दिवशीच त्याने ती त्या पिंपात ओतून ढवळली होती. त्याला वाटलं, हे सांगितलं की सगळ्यांच्या जिवात जीव येईल. तो टेबलापाशी येऊन हसत म्हणाला, अहो, इतके दिवस तुम्ही भाऊच्याच खळीत हात घालून बसलाय, कुणाला काही झालं का?

टोकाची ती बारकी मुलगी आपल्या बोटांकडे बघायला लागली. आज ती खाऊन आली होती, तरी तिचा चेहरा पांढरा पडला. तिच्या शेजारणीने हात पुसले. पट्ट्या एकेक करून थांबत आल्या. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

वहिनी बघत होती. मागच्या वेळी तिने फक्त पडायचं काम केलं होतं, आज ती बघत होती. तिला ते अगदी स्वच्छ दिसलं. ते पिंपातून येत नव्हतं. या बाईच्या चेहऱ्यावरून त्या बाईच्या चेहऱ्यावर येत होतं. रेडिओचा श्वास वर लागला आणि वहिनीची बोटं वळवळली. कळूनसुद्धा वळवळली. इतकं समोर दिसत असताना अंग ऐकत नाही, याची तिला लाज वाटली आणि मग, का कोण जाणे, सगळ्यांचीच दया आली. स्वतःचीसुद्धा.

तिने बोट खळीत बुडवलं, पाकिटाच्या कडेवरून फिरवलं, पट्टी उचलली आणि टक् केलं.

"मला मुंग्या येतायत," ती मोठ्याने म्हणाली. "धडधडतंय पण. येऊ देत. मी काम थांबवत नाही."

तिने पाकीट पुढे ढकललं आणि पुढचं घेतलं. पुन्हा टक्. सगळ्या कारखान्यात तेवढा एकच आवाज. एक कड वाकडी गेली, तरी तिने ती पुढे सारली. रेडिओ तिच्याकडे बघत बसली होती. पण इतकी वर्षं ती आवाज ऐकून हात उचलत आली होती. वहिनीची पट्टी पुन्हा वाजली आणि रेडिओचा हात तिला न विचारताच वर गेला. "माझ्या तर कोपरापर्यंत आल्या आहेत," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, आणि पट्टी वाजवली. मग पलीकडची. कुणी रडत होतं, कुणी पुटपुटत होतं, पण पाकीट सरकायला लागलं. टोकाच्या मुलीपर्यंत आवाज पोचला, तेव्हा तिनेही घडी घातली. थोड्या वेळाने कुणीतरी रेडिओला विचारलं की आता मुंग्या कुठवर आल्या, आणि रेडिओला सांगता येईना. त्या कधी गेल्या ते तिला कळलंच नव्हतं. टेबल हसलं, जरा चोरटंच हसलं.

सुट्टी झाल्यावर वहिनीने हात धुतले नाहीत. तशीच, बोटांवर वाळलेली खळ घेऊन घरी आली. भाऊ खिडकीशी बसला होता. तिने सगळं सांगितलं, पिंपाचं, टेबलाचं, रेडिओचं. त्याने ऐकून घेतलं.

"पण तू हात मागे घेतला होतास," तो म्हणाला. त्यात राग नव्हता.

"घेतला होता," वहिनी म्हणाली. "मला भीती वाटली. तुमची वाटली." बोलता बोलता तिला रडू फुटलं. "द्या इकडे."

भाऊने हात दिला नाही. मग तिनेच त्याच्या पाठीमागे हात घालून तो ओढून घेतला. सोललेला, साबणाने खरखरीत झालेला हात. तो धरल्याबरोबर तिच्या बोटांच्या टोकांशी पुन्हा तेच वळवळलं, मनगटाकडे चढायला लागलं. भाऊला तिच्या हाताची थरथर कळली आणि तो हात सोडवून घ्यायला लागला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मुंग्या आल्यात. जातील."

दोघं तसेच बसून राहिले. बाहेर उजेड कमी झाला, तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळाने भाऊने विचारलं, गेल्या का? अजून नाही, असं तिने खरं तेच सांगितलं, आणि हात आणखी घट्ट धरला.