आठवा हिस्सा

माणिकरावांचा बैल पंधरा दिवसांपासून लंगडत होता आणि रत्नपालने तो बैल अजून पाहिला नव्हता. माणिकराव मात्र दर दोन-तीन दिवसांनी जनावरांच्या दवाखान्यात हजर व्हायचे, टोपी काढून बाकावर ठेवायचे आणि एकच गोळी मागायचे. दुखण्यावरची, सुजेवरची, मोठी.

"कोणता पाय?" रत्नपालने विचारलं.

"उजवा. गुडघ्यात धरतंय त्याला. बसला की उठता येईना."

"आणि चालताना?"

"चालताना ठीक हाय. जिना उतरताना लई तकलीफ होते."

रत्नपालने पेन खाली ठेवलं. "माणिकराव, तुमचा बैल जिना उतरतो?"

माणिकरावांनी जरा विचार केला. "म्हंजे ओट्यावरून."

"वजन किती असेल त्याचं?"

"असंल साठ किलो. मधी उपास लई केले, म्हून घटलं."

हसावं की डोकं आपटून घ्यावं, हे रत्नपालला कळेना. आखाडा बाळापूरपासून आठ किलोमीटर आत असलेल्या या जांभरवाडीत तो अकरा वर्षं पशुधन पर्यवेक्षक होता. लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे, आणि सुरुवातीला त्याला त्याचं बरंही वाटायचं. पण गेल्या दोन वर्षांत गावाने ते फारच मनावर घेतलं होतं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी म्हण आहे. जांभरवाडीत ती उलटी फिरली होती. आजार माणसाला व्हायचा आणि औषध म्हशीच्या नावाने मागितलं जायचं.

थावराने शेळ्यांचं जंताचं औषध अर्धी बाटली स्वतःच पिऊन टाकलं आणि दोन दिवस बाजेवरून उठला नाही. उठला तेव्हा म्हणाला, पोट एकदम साफ झालं. बाबूसिंगने विळा लागलेल्या पोटरीवर शिंगांच्या जखमेचा फवारा मारला आणि महिनाभर निळा पाय घेऊन बाजार केला. मुंजाजी म्हशीच्या सडांचं मलम टाचांच्या भेगांना लावायचा. त्यात निदान कुणाचं नुकसान नव्हतं, म्हणून रत्नपालने तिकडे डोळेझाक केली होती. शेवटी वैतागून त्याने दारावर पाटी लावली, 'येथील औषधे फक्त जनावरांसाठी आहेत.' मुंजाजीने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बराबर हाय डाक्टरसायब. बाहेरच्यांसाठी पाटी पायजेच."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

"हे बघा माणिकराव," रत्नपाल म्हणाला, "बैल इथं आणा. कानातल्या बिल्ल्यासकट. मी पाय बघीन, मग गोळी. नाहीतर पुन्हा येऊ नका."

त्याला वाटलं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी माणिकराव खरोखरच बैल घेऊन दारात उभे राहिले. तीन किलोमीटर चालत आलेला तो खिलार बैल इतका धडधाकट होता की दवाखान्याचा खांब उपटून परत गेला असता. आता रत्नपालचा स्वभाव असा, की जनावर समोर आलं की तो बाकी सगळं विसरायचा. त्याने बैलाचे चारही पाय उचलून पाहिले, खुरांवर ठोकून पाहिलं, प्रत्येक सांधा अंगठ्याने दाबला, चालवून आणला, पुन्हा दाबला. अर्धा तास गेला. बैल मान वळवून त्याच्याकडे बघत राहिला.

"याला काहीही झालेलं नाही."

"हितं येता येता बरा झाला वाटतं," माणिकराव म्हणाले.

मग मात्र रत्नपालचा तोल गेला. "तुम्ही शिकलेले लोक ना? दहावी झालाय तुम्ही. बैलाची गोळी माणसाला देता? मूत्रपिंडं जातील, पोटात रक्तस्राव होईल, कळतं का काही? कुणाला द्यायची होती? खरं सांगा."

माणिकराव बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. ते भांडणारे गृहस्थ नव्हते.

"मंजुळाला," ते हळूच म्हणाले. "गुडघे गेले तिचे. सरकारी दवाखान्यात नेलं व्हतं, धा गोळ्या दिल्या आन् वयानं होतं म्हणले. मागल्या तीन महिन्यांत लई फरक पडला व्हता. तुमच्या घरून गोळी येत व्हती ना, तवर काय तरास न्हवता."

"माझ्या घरून?"

"लक्ष्मीबाईकडून. आता त्या म्हणल्या, खोक्यात दोन-तीनच राह्यल्यात, मलाच पुरायच्या न्हाईत. म्हून तुमच्याकडं येऊन राहिलो." मग रत्नपालचा चेहरा पाहून त्यांनी घाईने पुस्ती जोडली, "आख्खी न्हाई देत त्या. आठवाच हिस्सा. तुमीच सांगितल्यापरमानं."

लक्ष्मीबाई म्हणजे रत्नपालची आई.

मोटारसायकलवरून घरी जाताना त्याला सगळं एकेक आठवत गेलं. गेल्या पावसाळ्यात दवाखान्याचं छत गळायला लागलं, तेव्हा औषधांचे दोन खोके त्यानेच घरी आणून पलंगाखाली सरकवले होते. दवाखान्यातली एकेक बाटली तो मोजायचा, गावातल्या प्रत्येकावर संशय घ्यायचा, पण स्वतःच्या पलंगाखाली त्याने वाकून पाहिलं नव्हतं. आणि आठवा हिस्सा? तोही त्याचाच. मागच्या वर्षी लसीकरणाच्या शिबिरात, शाळेच्या पटांगणात माइक हातात घेऊन तो म्हणाला होता, "औषध वजनावर असतं. चारशे किलोच्या बैलाला अख्खी गोळी, तर पन्नास किलोच्या वासराला आठवा हिस्सा. एवढा हिशेब लक्षात ठेवा, जनावर दगावणार नाही." माय पहिल्या रांगेत बसली होती, नवं लुगडं नेसून. तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

माय ओट्यावर पाय लांब करून बसली होती. बाजूला पान-सुपारीची चंची उघडी होती आणि हातात अडकित्ता होता. सुपारी कातरायच्या त्या अडकित्त्यात तिने पांढरी, बोटभर लांबीची गोळी धरली होती आणि जीभ दातात पकडून ती बरोबर मधोमध कातरत होती. अर्ध्याचे पाव, पावाचे आठवे. अशा कामात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं.

रत्नपालने तिच्या हातातून अडकित्ता काढून घेतला.

"काय झालं रं?"

"किती दिवसांपासून खातेस?"

"दिवाळीच्या आधीपासून. आठ महिने झाले असतील." तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. "सकाळी एक तुकडा, सांजच्याला एक. लईच दुखलं तर दोन. पन्नास किलोची हाय ना मी, म्हून आठवा. तूच सांगितलास हिशेब."

"वासराचा सांगितला होता, माय!"

"मंग? वासराला चालतंय आन् मला चालत न्हाई? वासरू तर लेकरू असतंय."

रत्नपालने तिच्या पायांकडे पाहिलं. घोटे दिसत नव्हते. त्याने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. मागे खड्डा राहिला, तो भरायला बराच वेळ लागला. एखाद्या म्हशीच्या पायाला असा खड्डा दिसता तर त्याने त्याच क्षणी धावपळ केली असती. पल्लवी, त्याची बायको, अंगणवाडीवरून येऊन महिना-दीड महिन्यापूर्वीच म्हणाली होती, "मायच्या पायाला सूज दिसतेय, दाखवून आणा." तो म्हणाला होता, रविवारी नेतो. त्या रविवारी हट्टा गावात एका गाईचं वासरू अडलं. पुढच्या रविवारी आणखी काही. अशा पाच रविवारी माय चपला घालून ओट्यावर बसली होती आणि पाचही वेळा परत चपला काढून आत गेली होती. तिने एकदाही कटकट केली नव्हती, आणि त्याचाच आता त्याला राग येत होता. तिचा येत होता, स्वतःचा येत होता, आणि दोन्ही वेगळे करता येत नव्हते.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तू म्हणलास, बघू." तिने चंचीची दोरी ओढली. "तुझी तकलीफ वाचवली मी. घरात डाक्टर आसताना बाहीर कशाला हिंडायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावांनी ओळखीच्या माणसाची जीप आणली. मागे लक्ष्मीबाई आणि मंजुळाबाई शेजारी शेजारी बसल्या आणि हिंगोलीपर्यंत कुणाचा गुडघा जास्त गेला यावर वाद घालत राहिल्या. रत्नपाल पुढे बसला होता. वाटभर तो मनात ठरवत होता, डॉक्टरला कसं सांगायचं, की लोक ऐकत नाहीत, पाटी लावली, बिल्ला मागितला, मी माझ्याकडून सगळं केलं.

हिंगोलीच्या दवाखान्यात दोघींचं रक्त तपासायला घेतलं. दुपारी अहवाल आले. मंजुळाबाई थोडक्यात सुटल्या होत्या. मायचा कागद मात्र डॉक्टरांनी दोनदा वाचला. तरुण डॉक्टर होता, सकाळपासून साठेक रुग्ण तपासून कावलेला.

"मूत्रपिंडं अर्ध्याच्या खाली काम करताहेत. कुठलं औषध घेत होता?"

रत्नपालने रिकामी पट्टी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलली, त्यावर छापलेलं गाईचं चित्र पाहिलं, आणि पुन्हा पाहिलं.

"ही कुणी दिली?"

"माझ्या लेकानं," माय ताठ बसून म्हणाली. "त्यो बी डाक्टरच हाय."

रत्नपालच्या ओठांवर सगळं तयार होतं. पाटी, बिल्ला, छत, खोके. त्याने मायकडे पाहिलं. लेकाचं नाव सांगितल्यावर आता आपल्याकडे जरा नीट बघतील, अशा भरवशाने ती डॉक्टरकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"बैलाची गोळी? स्वतःच्या आईला?" डॉक्टरने पट्टी खाली आपटली. "तुम्ही शिकलेले लोक ना?"

अगदी तेच शब्द, तोच सूर. दाराशी उभे असलेले माणिकराव भल्या मनाने दुसरीकडे बघू लागले.

पुढे डॉक्टर जे बोलला ते रत्नपालने मान खाली घालून ऐकलं. गोळी आजपासून बंद. मीठ कमी. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. आता थांबवलं तर बहुतेक सुधारेल, पण पूर्ण पहिल्यासारखं होईल असं सांगता येत नाही. आणखी दोन-तीन महिने चाललं असतं तर आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशिनीवर घ्यावं लागलं असतं. गुडघ्यासाठी हाडांच्या डॉक्टरला दाखवा, ते चारनंतर येतात. पुढचा.

बाहेर बाकावर बसल्यावर मायने दोन्ही गुडघे चोळले. मग म्हणाली, "नको मनाला लावून घेऊ. त्याला काय कळतंय. इतकं बोलला, पन माझ्या गुडघ्याला हात तरी लावला का?"

"त्याचं ते काम नाही, माय."

"मंग कुणाचं हाय?" ती चिडली नव्हती, खरंच विचारत होती. "तू माणिकरावाच्या बैलाचे चारी पाय दाबून बघितलास म्हणं. अर्धा तास. माणिकराव सांगत व्हता जीपीत. त्या बैलाला तर काय झालं बी न्हवतं."

चार वाजायला अजून दीड तास होता. बाकावर लोक दाटीवाटीने बसले होते, कुणाचं लेकरू रडत होतं. रत्नपाल उठला आणि तिच्यासमोर फरशीवर उकिडवा बसला. तिचं उजवं पाऊल त्याने मांडीवर घेतलं, गुडघ्यामागे एक हात धरला आणि अंगठ्याने वाटीच्या कडेकडेने दाबत आला, हलकेच, जसं तो रोज कुणाकुणाचं जनावर बघायचा तसं.

"कुठं दुखतं?"

"आता इचारतोस व्हय," माय म्हणाली. पण तिने पाय काढून घेतला नाही. जरा वेळ तिने त्याचा अंगठा फिरू दिला, आणि मग एका जागी तिचं तोंड वाकडं झालं.

"हितं. आतल्या अंगाला. चालताना ठीक हाय. ओट्यावरून उतरताना लई तकलीफ होते."