बॅनरवरचा स्वल्पविराम

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला आपण उत्तर दिले नाही, हे मला आठवले तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. ‘आठवले’ हा शब्द तसा बरोबर नाही. ते पत्र मी विसरलो कधीच नव्हतो. पण रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू हळूहळू दिसेनाशी होते, तसे त्याचे झाले होते. न्हाव्याने वस्तरा हवेतच थांबवला, “तो परत येतोय म्हणे,” असे म्हटले, आणि ते पत्र एकदम समोर येऊन उभे राहिले.

“कोण येतोय?” बाकावरून बसड्रायव्हरने विचारले. कोण ते त्याला चांगले माहीत होते.

“डावरा. काल सही झाली. शनिवारी आपल्या जर्सीत उतरणार.”

“आपल्या जर्सीत?” ड्रायव्हर उभाच राहिला. “थुंकलेलं चाटायचं का आता आपण?”

“हळू बोल बाबा. माझ्या हातात वस्तरा आहे आणि वस्तऱ्याखाली काना-मात्रा आहे.”

काना-मात्रा म्हणजे मी. एका छापखान्यात मी चौतीस वर्षे मुद्रिते, म्हणजे प्रुफे, तपासली. त्यामुळे हे नाव पडले. फुटबॉल मला अजूनही नीट कळत नाही. ऑफसाइड म्हणजे काय, हे चार जणांनी चार वेळा समजावले आहे आणि चारही वेळा मी मान डोलावली आहे. तरी आमच्या क्लबच्या चाहत्यांच्या मंडळात मी कागदोपत्री सभासद आहे. मंडळाची कचेरी म्हणजे हे केशकर्तनालय, अध्यक्ष न्हावी, आणि चिटणीस एक नर्सबाई. त्या वेळी त्याही ड्यूटी संपवून वर्गणीची वही द्यायला आल्या होत्या.

“येऊ दे की,” नर्सबाई म्हणाल्या. “चौतीस वर्षांचा झाला. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालीत. असल्या गुडघ्यावर कुणी मिरवायला येत नाही.”

“तेच म्हणतोय मी! गुडघे झिजवले तिकडे आणि लंगडायला इकडे. ऐन हंगामात टाकून गेला. आपण खालच्या गटात गेलो त्याच्यामुळे.”

“त्याच्यामुळे? आणि गोलकीपर काय तुमच्या बसमधून फिरत होता?”

“बाई, माझ्या बसचं नाव काढू नका.”

“नाही काढत. वेळेवर आली तर काढीन.”

न्हावी हसला आणि माझ्या हनुवटीला बारीकसा काप गेला. त्याने तुरटी लावली. तेवढ्यात ड्रायव्हरने विचारले, “तो बॅनर आहे ना अजून?”

“माळ्यावर आहे.”

“काढ. शनिवारी तोच लावू. नवीन रंगवायची पण गरज नाही.”

“नाही लावायचा,” नर्सबाई म्हणाल्या.

“अध्यक्ष, तुम्ही बोला.”

“मला दोन्हीकडची डोकी भादरायची असतात,” न्हावी म्हणाला. “माझं मत धरू नका. काना-मात्रांना विचारा. त्यांनीच तर तपासला होता.”

तिघांनीही आरशातून माझ्याकडे पाहिले. आरशात मलाही मी दिसत होतो, एक गाल पांढरा आणि एक गाल म्हातारा.

“मी... बघतो,” मी म्हणालो.

“काका तेव्हाही असंच म्हणाले होते,” ड्रायव्हर म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. मग घरी जाताना रस्त्याचे वळण चुकलो. त्या रस्त्याने मी तीस वर्षे जात आहे.

डावरा एकोणीस वर्षांचा असताना आमच्या छापखान्यात लागला. क्लबमधून तेव्हा पोट भरण्याइतके मिळत नसे, म्हणून सकाळी सराव आणि दुपारी आमच्याकडे काम. बांधणी खात्यात त्याचा डावा हात सगळ्यांच्या आड येई. एकाने छापील कागदाचा फर्मा उजवीकडून दुमडावा आणि याने डावीकडून. शेवटी कंटाळून त्याला माझ्याकडे पाठवले. मूळ हस्तलिखित त्याने मोठ्याने वाचायचे आणि मी मुद्रित तपासायचे. आमच्या कामात विरामचिन्हेही वाचावी लागतात. त्याला त्याची इतकी सवय झाली की कँटीनमध्ये तो सांगे, “दोन चहा, स्वल्पविराम, एक बिनसाखरेचा, पूर्णविराम.” बिनसाखरेचा माझा असे.

चार वर्षे तो माझ्यासमोर बसून वाचत होता. एवढा काळ माझ्याशी सलग कोणी बोललेले नाही. तो माझ्याशी बोलत नव्हता, दुसऱ्याने लिहिलेले वाचत होता, हे मला कळते. तरी आवाज त्याचा होता. त्याच्यासाठी म्हणून मी पहिल्यांदा मैदानावर गेलो आणि मग जातच राहिलो.

सामन्याच्या दिवशी वाटायचे पत्रक आमच्याकडेच छापले जाई. एका शुक्रवारी त्याचे मुद्रित माझ्याकडे आले तेव्हा खेळाडूंच्या यादीत त्याचे नाव नव्हते. अक्षरे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या हातून कधी कधी नावे सुटतात. मी शांतपणे काकपद, म्हणजे राहिलेल्या मजकुराची खूण, दिले आणि समासात त्याचे नाव लिहिले, सुवाच्य. थोड्या वेळाने जुळारी हसत हसत आला. “राहिलं नाही ओ काका, तो गेला. पलीकडच्या क्लबात. सगळ्या गावाला माहीत आहे.”

मला माहीत नव्हते. आदल्याच दिवशी तो माझ्यासमोर बसून एका भूगोलाच्या पुस्तकाची बावीस पाने वाचून गेला होता.

महिन्याभराने त्या क्लबचा आमच्या मैदानावर सामना होता. मला निरोप आला, दुकानात या, बॅनर तपासायचा आहे. आमचे बॅनर ही गावाच्या चेष्टेची गोष्ट होती. ‘विजयि भव’ आणि ‘क्लब आमचा आभिमान’ असली कापडे आम्ही वर्षानुवर्षे फडकवत होतो. या वेळी मात्र ड्रायव्हर म्हणाला, “ह्या वेळी चूक नको. त्याला नीट वाचता आलं पाहिजे.” फरशीवर पांढरे कापड अंथरले होते आणि त्यावर पेन्सिलने लिहिले होते, ‘गद्धार तुला माफि नाही’.

“मी... बघतो,” असे म्हणून मी गुडघ्यांवर बसलो. ‘द्धा’चा ‘द्दा’ केला. ‘माफि’ची वेलांटी दीर्घ केली. मग पहिल्या शब्दानंतर एक स्वल्पविराम दिला. तो कोणी मागितला नव्हता.

“ही शेपटी कसली?” ड्रायव्हरने विचारले.

“संबोधनानंतर द्यायचा असतो.”

त्याने भिंत रंगवायच्या ब्रशने तो काळा केला. मुठीएवढा झाला.

सामन्याला मी गेलो नाही. सर्दी झाली आहे असे बहिणीला सांगितले. पुढच्या आठवड्यात पत्र आले.

न्हाव्याकडून परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पत्र शोधू लागलो, तर सापडेना. टेबलाचे खण, बँकेची पाकिटे, जुन्या चष्म्यांचा डबा, सगळे उपसून झाले. मी बसत होतो, उठत होतो, पुन्हा तोच खण उघडत होतो.

“काय हरवलंय?” माझी थोरली बहीण आतून म्हणाली. ती आणि मी दोघेच राहतो. “सकाळपासून घरात उंदीर शिरल्यासारखं चाललंय.”

“काही नाही, ताई.”

“काही नाही तर शब्दकोशात बघ. तुझं काही नाही ते सगळं तिथेच असतं.”

तिथेच होते. डाव्या हाताचे अक्षर, डावीकडे झुकलेले.

‘काका, परवा पूर्ण पहिला हाफ मी त्या बॅनरसमोर खेळलो. शब्दानंतर स्वल्पविराम होता. आपल्या लोकांनी बॅनरवर स्वल्पविराम दिलेला मी जन्मात पाहिला नाही. तो तुम्ही दिलात का? एवढंच विचारायचं होतं. उत्तर आलं तर बरं वाटेल.’

तेव्हा मी उत्तर लिहायला घेतले होते. ‘मी फक्त शुद्धलेखन तपासले,’ असे एक वाक्य लिहिले. ते खरे होते. पुन्हा वाचले तेव्हा ते इतके खरे वाटले की माझी मलाच लाज वाटली, आणि मी कागद फाडला. मग दुसऱ्या दिवशी लिहू म्हटले. मग पुढच्या आठवड्यात. सहा महिने उलटल्यावर उशिराची क्षमा कशी मागावी हे सुचेना, आणि दोन वर्षांनंतर तर क्षमा मागणेच आगाऊपणाचे वाटू लागले. दिरंगाईसुद्धा वाढत वाढत एक प्रकारची नोकरी होते. मी ती अकरा वर्षे केली.

“त्या पोराचं आहे ना?” ताई दारात उभी होती. “बिनसाखरेच्या चहावाल्याचं?”

“चहा माझा असायचा.”

“मग लिही की दोन ओळी. हात काय झिजतो?”

“काय लिहू?”

“तुला नाही माहीत तर मला काय विचारतोस? एवढी पुस्तकं वाचलीस ती काय धूळ झटकायला?”

शुक्रवारी दुपारी मी दुकानात गेलो. बॅनर माळ्यावरून उतरला होता. ड्रायव्हर आणि न्हावी त्याची दोन टोके धरून झटकत होते, आणि नर्सबाई नाकाला रुमाल लावून खुर्चीत बसल्या होत्या. बॅनर लावायच्या बाजूने त्या नव्हत्या, पण निकाल पाहायला आल्या होत्या. कापड पिवळे पडले होते. काळा रंग जिथल्या तिथे होता.

“बघा काका,” ड्रायव्हर म्हणाला, “एक अक्षर उडालं नाही.”

“कात्री मिळेल का?” मी न्हाव्याला विचारले.

“कशाला?”

“माझं थोडं काम आहे.”

“ती केसांची आहे हो. कापडाला लावली की धार जाते.” तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने खालच्या खणातून एक जुनी, बोथट कात्री काढून दिली.

मी कापडापाशी गेलो. अकरा वर्षांपूर्वीसारखे गुडघ्यांवर बसता येईना, म्हणून उभ्यानेच, ड्रायव्हरने धरलेल्या टोकाजवळ, पहिल्या शब्दानंतर कात्री घातली. बोथट कात्रीने कापड चावल्यासारखे कापले जात होते. स्वल्पविरामाचा शेपटीकडचा भाग थोडा वाकडाच आला.

“अहो काका! हे काय केलंत?”

“हा माझा होता,” मी म्हणालो. “बाकीचं तुमचं आहे. लावायचं तर लावा. हा तेवढा मी घेतो.”

बॅनरला मुठीएवढे भोक पडले होते आणि भोकातून ड्रायव्हरच्या शर्टाचे एक बटण दिसत होते. नर्सबाईंना हसू फुटले, मग त्यांनी ते रुमालात दाबले.

ड्रायव्हर भोकाकडे बघत राहिला. “त्या बॅनरच्या सामन्याला मी पोराला खांद्यावर घेऊन आलो होतो,” तो एकदम म्हणाला. “त्याला डावऱ्याचीच जर्सी घेतली होती. नंबर उसवून काढला मी घरी. पोरगं रडत होतं.” मग त्याने भोकाच्या कडेचा एक दोरा ओढला. “आता ह्यात व्याकरण चुकलं ना, काका?”

“चुकलं.”

“चुकीचं लावलं तर लोक हसतील.”

“हसतील,” न्हावी घाईघाईने म्हणाला.

“मग बघू,” ड्रायव्हर म्हणाला. त्याने बॅनरची घडी घालायला घेतली, पण टोके जुळेनात. नर्सबाई उठल्या आणि त्यांनी दुसरे टोक धरले. शनिवारी ते लावतील की नाही, मला सांगता येत नाही. मी विचारलेही नाही.

दुकानाबाहेर टपालपेटीसमोर एक कट्टा आहे. पाच वाजता टपाल काढतात. घड्याळात पाचला वीस कमी होते. क्लबचे मैदान तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे, तो तिथेच असणार. पण समोर जाऊन बोलायचे म्हणजे माझे पुन्हा ‘मी... बघतो’ झाले असते. मी खिशातून क्लबचा पत्ता घातलेले पाकीट आणि कागद काढला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि न थांबता लिहिले.

‘हो. तो मीच दिला होता. शब्दही वाचला होता आणि तसाच राहू दिला होता. यादीत तुझे नाव सुटले असे समजून मी ते समासात लिहिले, आणि जुळारी हसला. तू मला सांगून गेला नाहीस, याचा राग होता. त्या दिवशी तो शब्द मला बरोबर वाटला होता. आज वाटत नाही. स्वल्पविराम कापून घेतला आहे, तो सोबत पाठवत आहे. उत्तराला उशीर झाला’

सवयीप्रमाणे एकदा मोठ्याने वाचायला हवे होते. पण पेटीपाशी एक बाई पत्र टाकत होती आणि मला लाज वाटली. ती गेल्यावर मी पाकीट बंद केले. कापडामुळे ते फुगले होते आणि पेटीच्या फटीत जाईना. दोन बोटांनी दाबून दाबून आत सरकवले. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तेव्हा लक्षात आले, शेवटच्या वाक्याला पूर्णविराम द्यायचा राहिला. चौतीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून सुटली नव्हती. मी फटीत बोटे घातली. पोचली नाहीत. थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग बोटे बाहेर काढली आणि त्यांना लागलेला गंज रुमालाला पुसला.