खिशातला फ्यूज

"उठतोस, का कान धरून उठवू?"

जुगाराच्या यंत्रांपुढे बसलेल्यांच्या माना वळल्या. म्हातारीने साऱ्यांना नजरेनेच झाडून काढलं आणि लेकाच्या पाठीशी उभी राहिली.

"आई, पाचच मिनिटं."

"पाचची बस आहे. सून पोरीला घेऊन यायचीय. थांब्यावर तू दिसला नाहीस तर आल्या पावली परत जाईन म्हणालीय. आणि ती तुझ्यासारखी नाही, बोलते ते करते."

लेकाने मान हलवली आणि बटण दाबलं. चित्रं गरागरा फिरली.

लेक लिफ्टचा मेकॅनिक. जोडीदाराबरोबर बारा वर्षं एका डब्यात जेवला. त्यांच्या कामाची एक रीत होती: जो खाली खड्ड्यात उतरेल त्याने मेनचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. तो वर येईपर्यंत लिफ्ट हलायची नाही. त्या दिवशी खड्ड्यात उतरलेल्या जोडीदाराचे हात ग्रीसने बरबटलेले. "फ्यूज राहू दे तुझ्याकडेच," म्हणाला. वर लोक खोळंबले होते. जोडीदार वर आला असेल, असं धरून लेकाने फ्यूज बसवला आणि बटण दाबलं.

जोडीदार गेल्याच्या आठव्या दिवशी लेक भिंतीकडे तोंड करून रडत होता, तेव्हा म्हातारीच म्हणाली होती, "बायकांसारखा मुळूमुळू काय रडतोस? कामाला जा."

तो गेला. पण कामाला नाही, इथे.

"एवढी कसली रे हाव सुटली तुला? जिंकलास तरी का कधी?"

"जिंकायला कोण येतं?" त्याची नजर हलली नाही. "हे फिरतं ना आई, तेवढा वेळ त्याची किंकाळी ऐकू येत नाही."

"मग मेल्या, आधी का नाही बोललास?"

त्याने पुन्हा बटण दाबलं. म्हातारीला उत्तर ठाऊक होतं.

तिने हात पुढे केला. "आण तो त्या दिवशीचा फ्यूज इकडे. खिशात घेऊन हिंडतोस, माहितीय मला."

त्याने फ्यूज काढून दिला. तिने मूठ मिटली.

"हा आता माझ्याकडे आहे. कुणी काही चालू करणार नाही. ये बाबा वर."

त्याचं बोट उचललं गेलं. चित्रं एकेक करून थांबली. तोच तो दचकला, खांदे कानांपर्यंत आले, आणि त्याने पुन्हा बटण दाबलं.

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

म्हातारीने शेजारचं स्टूल ओढलं आणि पदर सावरून बसली. मूठ तिने उघडली नाही.