तोंडापुरता आरसा

मी एक जुना आरसा आहे. भिंतीवरचा नव्हे, मित्रांनो. दातांचे डॉक्टर ‘आ कर’ म्हणून तोंडात घालतात तो, नाण्याएवढा, लांब दांडीचा. कारखान्यातून चकचकीत निघालो तो थेट या दवाखान्यात आलो. वाफेची अंघोळ, मग तोंडामागून तोंड. माणसं किती सहज थापा मारतात ते मला इथे कळलं. ‘दोन वेळा घासतो’ म्हणणाऱ्याच्या दाढेत कालचं जेवण सापडतं. त्यामुळे आमचे डॉक्टर कोणाचंच ऐकत नसत. “आरसा खोटं बोलत नाही,” म्हणायचे, आणि मी फुगून जायचो.

एके दिवशी चार वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. घरी तिला चिमणी म्हणत. हिरड्या सुजून लाल झालेल्या, दात हलणारे. मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत निकाल तयार.

“घासत नाही ही.”

“मी स्वतः घासते हो, सकाळ-संध्याकाळ,” आई म्हणाली.

“सगळ्या आया हेच म्हणतात, ताई. चॉकलेट बंद करा.”

घाबरलेल्या चिमणीने मला मुठीत धरलं. तो तळहात जाड, कोरडा, भेगा पडलेला होता. चार वर्षांच्या पोरीचा वाटतच नव्हता. डॉक्टरांनी मूठ सोडवली, पण नजर माझ्यावर. हात त्यांनी पाहिलाच नाही. मला चमत्कारिक वाटलं, सांगणार कसा? दुसऱ्यांची तोंडं बघण्यात जन्म गेला, स्वतःला एकही नाही.

वर्षभरात तिचे दुधाचे दात गळाले. हिरड्या बऱ्या झाल्या. “नवे येतील,” डॉक्टर खुशीत म्हणाले. नवे आलेही. नवव्या वर्षी तेही हलू लागले. या वेळी डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला बाजूला ठेवलं.

“हात बघू तुझे.”

चिमणीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“हाताचं वेगळं आहे,” आई म्हणाली. “त्याला कातडीच्या डॉक्टरांचं मलम चालू आहे, पाच वर्षं झाली. तळपायांनाही लावतो.”

“त्यांना दातांचं सांगितलंत?”

“ते कातडीचे ना? त्यांना दातांचं काय सांगायचं?”

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. हा एकच आजार आहे, म्हणाल्या, जन्मापासूनचा, लाखांत एखाद्याला होणारा. तळहात जाड होतात आणि दातांभोवतीचं हाड झिजतं. रक्त तपासून नक्की करू. यात ब्रशचा दोष नाही.

“तेव्हाच कळलं असतं तर?”

“औषधं वेळेवर मिळाली असती. कदाचित बरेच दात टिकले असते.”

आईने चिमणीचे हात आपल्या मांडीवर घेतले. मग म्हणाली, “ती दुखतंय म्हणायची, आणि मी डोकं गुडघ्यात धरून घासायचे. एकदा ब्रशनेच मारलं.”

“दोनदा,” चिमणी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. चूक दुरुस्त करावी तसं म्हणाली. डॉक्टरबाई कागदावर लिहीत राहिल्या.

पुढे दर महिन्याला सफाई झाली, गोळ्या झाल्या. दात एकेक करून गेलेच. तेराव्या वर्षी तिला कवळी बसली. हसताना तोंडावर हात धरावा तर तळहात दिसतो, हात लपवावा तर तोंड. म्हणून ती हसणंच टाळते.

मित्रांनो, तुम्हाला दोन दुखणी असतील तर दोन्ही डॉक्टरांना दोन्ही सांगा. ‘ते वेगळं’ असं मोठी माणसं म्हणाली, तरी सांगा. आणि धाकटं भावंड दुखतंय म्हणालं तर आधी त्याचं खरं माना.

चिमणी अजून येते. मला तिच्या तोंडात घालतात, इकडेतिकडे फिरवतात आणि बाहेर काढतात. दाखवायला माझ्याकडे काहीच नसतं.