चांदी ती चांदी

क्रेसेन्झने नवं नाणं एप्रनला खसाखसा पुसलं आणि साय धरायच्या पसरट मातीच्या भांड्यात सोडलं. पलंगावर तिचे सासरे बाप्टिस्ट उशीला टेकून वाट बघत होते.

अख्ख्या अपेन्झेल प्रांतात त्यांच्यासारखं नाणं फिरवणारा नव्हता. भांडं तळहातावर, पाच फ्रँकचं नाणं आत कडेवर उभं गरगरतंय आणि त्या घुमणाऱ्या सुरावर यांचं गाणं! आता हात चालेनात, म्हणून दर रविवारी सून फिरवायची आणि ते ऐकायचे.

आज मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. सरकार चांदीची नाणी परत घेत होतं, आणि भांडं धुताना बाजूला काढलेलं म्हाताऱ्याचं नाणं हिने गुरुवारी घाईत पाववाल्याच्या हातावर ठेवलं. शोधत गेली तर ते बँकेतून वितळवायला रवानासुद्धा झालेलं. टांकसाळीने नव्या नाण्यावरही गुराख्याचा तोच चेहरा ठेवला होता. फक्त चांदी काढून घेतली होती. डोळ्यांना कळणार नाही, पण बाप्टिस्टचे कान? घंटा ऐकून गाय कोणाची ते सांगणारा माणूस तो.

“बाबा, आज राहू दे का? हात दुखतोय.”

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. “काय पुटपुटतेस? फिरव की.”

“आवाज वेगळा वाटला तर रागावू नका.”

“का? भांडं तडकवलंस?”

“नाही हो.”

“मग नखरे कसले?” त्यांनी डोळे मिटले.

तिने मनगट फिरवलं. नाणं उभं राहिलं, पण सूर कसला, नुसता पत्रा वाजल्यासारखा. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप्टिस्टची दोन बोटं रजईवर ठेका धरत होती.

तिच्या हातातलं भांडं कललं आणि नाणं काठावरून उडून रजईच्या घडीत पडलं. आवाज थांबला.

बोटं थांबली नाहीत.

“ऐकतेस ना, पोरी?” ते डोळे न उघडता म्हणाले. “चांदी ती चांदी. त्या नव्या डबड्यांना येईल का असा आवाज?”

क्रेसेन्झला वाटलं, त्यांनी पकडलं असतं, चांगलं झाडलं असतं, तर किती बरं झालं असतं.

“अजून थोडं फिरव,” ते म्हणाले.

ती रिकामं भांडं फिरवत राहिली.