पाणी न लागलेला स्वेटर

"दाराला कडी घालायची नाही," सातुर्निनाने पोरं घरात आल्या आल्या बजावलं. "बाकी घरात काय हवा तो धुडगूस घाला."

किल्देरचं तोंड उतरलं. कॅमेरा त्याच्याकडे आणि आवाजही त्याच्याकडेच. सिनेमाच्या चार जणांच्या युनिटात दुसरं काय होणार? आणि पाम्पाउयोसारख्या उंचावरच्या गावात दुपारनंतर वारा सुटला की दार धाडधाड आपटायला लागतं. माइकला तेवढंच ऐकू येतं.

"मावशी, शॉट चालू असेपर्यंत तरी लावू?"

"आणि नेमका तेव्हाच माझा पोरगा आला म्हणजे? दार बंद बघून माघारी गेला तर तू जाणार आहेस शोधायला?"

शेवटी किल्देरने अंगातलं जॅकेट काढून दाराच्या फटीत कोंबलं आणि शूटिंगचे सगळे दिवस कुडकुडत काम केलं.

पोरगा म्हणजे अदेल्मो, सातुर्निनाचा थोरला. सहा वर्षांपूर्वी तो खाली जंगलात सोन्याच्या खाणीवर गेला. पहिली दोन वर्षं फोन यायचे, मग थांबले. त्या खाणींवर माणसं दरडीखाली जातात, भांडणात जातात, नदीत जातात, आणि कळवायला कुणी येत नाही. गावाने केव्हाच काय ते ओळखलं होतं. सातुर्निनाने मात्र त्याच्या वाटचं सूप रोज चुलीच्या कडेला झाकून ठेवलं आणि दाराची कडी कधी घातली नाही.

धाकटा रुस्बेल शहरात सिनेमा शिकत होता, आणि हा त्याचा शेवटच्या वर्षाचा सिनेमा. नेलिदा तीन वर्षं त्याच्याबरोबर एका बाकावर बसली होती. "घरी कोण कोण असतं?" असं कुणी विचारलं की तो "आई आणि मी" एवढंच सांगायचा. त्याला भाऊ आहे हे तिला पटकथा वाचताना कळलं. तिला तेव्हा रागच आला होता, पण पटकथा चांगली होती आणि चांगल्या पटकथेला माणूस बरंच काही माफ करतो.

मूळ पटकथेत भाऊ येतच नव्हता. आई दार उघडते, बाहेर कुणी नाही, संपलं. कॉलेजातल्या सरांना हा शेवट फार आवडला होता. रुस्बेलने तो चुलीपाशी बसून आईला वाचून दाखवला. तिने बटाटा सोलता सोलता ऐकला आणि सुरी खाली ठेवली.

"असला सिनेमा मी करणार नाही."

"आई, गोष्ट आहे ती."

"गोष्टच आहे ना? मग गोष्टीत तरी आण की त्याला! तुझ्या खिशातलं काय जातंय?"

तिच्याशिवाय दुसरी आई आणायची कुठून? शेवट बदलला. आता भाऊ दारात येतो, आई त्याला आत घेते, सूप वाढते. बाकीच्या सीनमध्ये सातुर्निना सांगेल तिथे उभी राहायची, सांगेल तिकडे बघायची, आणि मध्येच नेलिदाला हळूच विचारायची, "दाराचं कधी?" सिनेमाबिनेमाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. आयुष्यात एकदा तरी ते दार उघडलं की समोर तो असावा, एवढ्यासाठी तिने चार पोरांना घरात घेतलं होतं, खाऊपिऊ घातलं होतं, आणि कॅमेऱ्याच्या तिपाईच्या पायाशी कोकाची पानं ठेवून भूमातेला दारूचे थेंबही वाहिले होते. नेलिदाला हे समजत होतं. म्हणून तो सीन नीट व्हावा असं तिला रुस्बेलहूनही जास्त वाटत होतं.

कपडे आणि सलगपणा हे नेलिदाचं खातं. आधीच्या शॉटमध्ये बाही वर होती तर पुढच्या शॉटमध्येही वरच हवी, वाटी उजवीकडे होती तर उजवीकडेच हवी. या कामात ती हुशार होती. तिची नजरच तशी झाली होती. माणूस समोर आला की आधी त्याची बटणं दिसायची. अदेल्मोसाठी तिने बाजारातून निळा स्वेटर आणला होता. सातुर्निनाने तो बोटांनी चाचपला आणि नाक मुरडलं.

"हा त्याचा नाही. असल्या प्लास्टिकच्या लोकरीत आलेल्याला मी ओळखणार कशी?"

तिने खोलीतून एक गाठोडं आणलं आणि त्यातून तपकिरी स्वेटर काढला. तिने स्वतः विणलेला, कोपरावर ठिगळ, गळ्याशी घामाचा कळकट पट्टा. सहा वर्षं न धुतलेला. का, ते तिने सांगितलं नाही आणि नेलिदाने विचारलं नाही. या डोंगरांत ते पोराटोरांनाही ठाऊक असतं. माणूस गेला की पाचव्या दिवशी त्याचे कपडे ओढ्यावर नेऊन धुतात. मग तो सुटला, मोकळा झाला. धुवायचे ते बाहेरच्यांनी. घरच्यांनी त्या पाण्याला हात लावायचा नाही. नेलिदाच्या बापाचे कपडे शेजारच्या माणसांनी धुतले होते, आणि ती काठावर आईच्या कुशीत बसून बघत होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

"जप हां," सातुर्निना म्हणाली.

"जपते, मावशी."

आणि तिने जपलाही. रोज हँगरला लावला, कुणाला हात लावू दिला नाही. युनिटातला चौथा, होसिमार, अदेल्मोचं काम करणार होता. त्याने एकदा तो घालून चीज खायला घेतलं तर तिने त्याची अशी हजेरी घेतली की बिचारा उपाशी राहिला. पण खरं सांगायचं तर तीन-चार दिवस तो हँगरवर बघून बघून तिच्या लेखी तो अदेल्मोचा स्वेटर उरला नव्हता. तो 'दाराच्या सीनचा कपडा' झाला होता.

दाराचा सीन रुस्बेलने शेवटच्या दिवशी ठेवला. ऊन कलताना दारातून तिरीप आत येते, ती त्याला हवी होती. ती जेमतेम पाऊण तास टिकायची आणि मग डोंगर तिला गिळायचा. तालमीत होसिमार स्वतःच्या जॅकेटमध्ये आला होता. सातुर्निनाने त्याला "ये बाळा, बस" म्हणून सूप दिलं होतं आणि सगळं छान झालं होतं.

"कॅमेरा!"

"चालू."

"आई, चल."

सातुर्निना वाफाळता वाडगा हातात घेऊन दाराकडे गेली. दार उघडलं. उन्हाकडे पाठ करून, मान खाली घालून, तो तपकिरी स्वेटर उंबऱ्यात उभा होता.

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुणी लिहिलेला नव्हता. हातातला वाडगा विसरून ती त्याच्या अंगावर झेपावली. सूप, बटाटे, मांसाचे तुकडे, सगळं होसिमारच्या छातीवर. तो भाजून ओरडला. त्याचा आवाज ऐकला आणि ती थांबली. दोन पावलं मागे आली, त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"भाजलं का रे तुला?" ती म्हणाली. मग आपल्या शालीच्या टोकाने त्याची छाती पुसायला लागली.

"कट! कट! आई, वाडगा, वाडगा धरून ठेवायचा होता!" रुस्बेल डोक्याला हात लावून म्हणाला. "पुन्हा घेऊ. नेलिदा, स्वेटर! वीस मिनिटं आहेत, बघ काय ते!"

"पुन्हा येईल ना तो?" सातुर्निनाने विचारलं.

"येईल, मावशी," नेलिदा म्हणाली. "आत्ता आणते."

तिने स्वेटर होसिमारच्या डोक्यावरून ओढून काढला, साबणाची वडी उचलली आणि पळत सुटली. तेलाचा डाग, लोकर, थंड पाणी, फक्त पुढचा भाग. ओला दिसला तर पावसातून आलाय म्हणू, होसिमारचे केसही भिजवू, उलट जास्त बरं दिसेल. डोकं कसं भराभर चालत होतं! ओढ्याकाठी सपाट धोंड्यावर तिने स्वेटर पसरला, पाण्यात बुडवला, साबण लावला आणि घासायला लागली. गळ्याचा पट्टाही बोटांखाली आला. तोही निघाला. दुधट पाणी दगडांमधून खाली वाहून गेलं.

पिळताना तिने वर बघितलं. ओढ्याच्या पलीकडे मेंढ्या घेऊन दामियाना उभी होती, सातुर्निनाची शेजारीण. तिने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली होती. नेलिदाच्या आईनेही त्या दिवशी काठावर हॅट अशीच धरली होती.

नेलिदा ताडकन उठली. "नाही!" ती ओरडली. "नाही हो, हे सिनेमाचं आहे!" पण ओढ्याला पाणी भरपूर होतं आणि वारा उलटा होता. दामियानाने छातीवर क्रुसाची खूण केली आणि मेंढ्या तिथेच सोडून ती गावाकडे वळली.

नेलिदा धापा टाकत परत आली तेव्हा सातुर्निना नवं सूप वाढून, केस नीट करून, दाराच्या आत जागेवर उभी होती. रुस्बेलने स्वेटर बघितला. "डाग पुस म्हटलं होतं मी," तो पुटपुटला. त्याने असं काहीच म्हटलं नव्हतं, पण ती भांडली नाही.

"काय झालं?" सातुर्निनाने विचारलं. मग तिची नजर नेलिदाच्या हातावर गेली. स्वेटरमधून पाणी गळत होतं. "पाण्यात घातलास?"

"पुढचाच भाग, मावशी. मी... माझ्या लक्षातच..." आणि तिला रडू फुटलं.

सातुर्निना काही बोलायच्या आधीच अंगणात माणसं आली. आधी दामियाना, मग आणखी बायका, मग म्हातारा फिदेन्सियो. कुणाच्या हातात मेणबत्त्या, कुणाच्या शालीत कोकाची पानं, कुणाकडे दारूची बाटली. चार वर्षं ही माणसं या अंगणात यायची वाट बघत होती. दुष्टपणाने नव्हे, त्यांना खरंच तिची कीव यायची. आडून आडून कितीदा सुचवून झालं होतं, आणि दर वेळी सातुर्निनाने त्यांना हाकलून दिलं होतं.

दामियानाने तिला मिठी मारली. "बरं केलंस गं. सुटला बिचारा. किती भटकायचं त्याने तरी?"

"अहो, ती सिनेमासाठी धुत होती!" रुस्बेल मध्ये पडला. "गैरसमज झालाय. जा तुम्ही."

"सिनेमा असेल, बाबा," फिदेन्सियो म्हणाला. "ओढा तर खराच आहे ना? आणि स्वेटर त्याचाच आहे."

"तुम्ही जा म्हटलं ना!"

"थांब," सातुर्निनाने स्वतःला सोडवून घेतलं. ती धाकट्याकडे वळली. तिचा आवाज अगदी शांत होता. "असे नाही जाणार ते. सांग त्यांना, तो यायचा आहे म्हणून. मी सांगते तर वेडी म्हणतात. तू शिकलेला आहेस, तुझं ऐकतील. सांग."

रुस्बेलने तोंड उघडलं. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. नेलिदा मनातल्या मनात ओरडत होती, बोल, खोटं तर खोटं, इतकी वर्षं खोटंच सांगत आलास ना! पण त्याच्या तोंडातून शब्द निघेना. त्याने आईकडे बघितलं, मग आपल्या बुटांकडे बघितलं आणि तसाच उभा राहिला.

सातुर्निनाने बराच वेळ वाट बघितली. दारातली तिरीप भिंतीवर चढत चढत छपराला लागली आणि विझली. मग ती आत गेली आणि ते गाठोडं घेऊन बाहेर आली. दोन विजारी, सदरे, मोजे, लोकरीची टोपी. तिने ते नेलिदाच्या हातात दिलं.

"अर्धवट ठेवू नये," ती म्हणाली. "मला हात लावता येत नाही. तू सुरुवात केलीस, तूच पुरं कर."

"मावशी, मला माफ करा."

"साबण पुरेल का बघ."

नेलिदाने बायकांबरोबर सगळे कपडे धुतले. होसिमार पलीकडे बसून मोजे पिळत होता आणि मुलासारखा रडत होता. किल्देर खांद्यावर कॅमेरा घेऊन काठावर आला. त्याने भुवया उंचावून रुस्बेलला विचारलं. इतका वेळ दगडासारखा बसलेला रुस्बेल उठला, त्याने भिंगावर झाकण लावलं आणि पुन्हा जाऊन बसला. कपडे गवतावर वाळत घातले तेव्हा ते एखाद्या लहानखुऱ्या माणसाचे वाटत होते. अदेल्मो घरातून निघाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता हे नेलिदाच्या तेव्हा ध्यानात आलं.

परत आल्यावर आलेल्यांना काहीतरी खायला द्यायला हवं होतं. घरात दुसरं काही शिजलेलं नव्हतं. सातुर्निनाने सीनसाठी केलेलं सूप सगळ्यांना वाढलं. चुलीच्या कडेला झाकून ठेवलेला वाडगा तिने फिदेन्सियोला दिला. माणसं मान खाली घालून जेवली, मेणबत्त्या लावल्या, आणि अंधार पडला तशी आपापल्या घरी गेली.

चुलीपाशी पाचजण राहिले. दार वाऱ्याने हलत होतं.

"नेलिदा," सातुर्निना म्हणाली, "कडी घाल गं. गारठा येतोय आत."

नेलिदा उठली. दाराच्या फटीत किल्देरचं जॅकेट पुन्हा कोंबलेलं होतं, ते तिने ओढून काढलं आणि दार लोटलं. कडी सहा वर्षांत गंजून जागेवरच घट्ट बसली होती, हाताने हलेना. तिने चुलीजवळचा एक दगड घेतला आणि ती कडी ठोकायला लागली.